हाती सोनं, अन् येळ न्हाई

मंडळी, आज घोटावड्याच्या बसथांब्यावर माझी चांगलीच फजिती झाली.

मला जुन्या सोन्याच्या मनगटी घड्याळांचा नाद, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बंद पडलेली आणायची, खोलायची, साफ करून पुन्हा चालती करायची. कोणी शिकवलं नाही, बिघडवत बिघडवत शिकलो. आज त्यातलं सगळ्यात देखणं घालून निघालो होतो.

थांब्यावरच्या आजीबाईंनी विचारलं, "भाऊ, किती वाजलं?"

हल्ली सगळ्यांकडे मोबाइल, हा प्रश्न मला कोणी विचारतच नाही. मी ऐटीत बाही मागे सारली. घड्याळ बंद! घरी डब्यातल्या सगळ्या घड्याळांना सकाळी चावी दिली, हातातलंच राहिलं. दिव्याखाली अंधार.

आजीबाई खळखळून हसल्या. "हाती सोनं, अन् येळ न्हाई व्हय!"

मीही हसलो. त्यांना काय सांगू, माझ्याकडे आता वेळच तेवढा उरलाय.

आमची ही होती तेव्हा स्वयंपाकघरातून सारखी विचारायची, "अहो, किती वाजले?" समोर भिंतीवर घड्याळ असायचं, तरी विचारायची. मीही दर वेळी मनगट बघून सांगायचो.

बस आली, आजीबाई गेल्या. मला कुठे घाई होती? बसल्या बसल्या घड्याळाला चावी दिली. वेळ लावायची होती. खिशात मोबाइल होता, तरी बाकावर शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, "बाळा, किती वाजले गं?"

तुमच्या घरी कोणी असं उगाच वेळ विचारतं का हो?