मोगीचं दुकान

कल्पना करा, सकाळी दहाला तुमच्यापुढे चार-पाच वर्षांची वीसेक पोरं बसली आहेत. एकीला आजोबा रोज मांडीवर घेऊन पुस्तकातली चित्रं दाखवतात. एकीची आई उजाडायच्या आत रानात गेली आहे. एक जण धाकट्या बहिणीला कडेवर घेऊनच आला आहे. या सगळ्यांना तुम्हाला एकाच वेळी शिकवायचं आहे. सुरुवात कुठून कराल?

धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराकडेच्या एका गावात सुनंदाबाई हेच काम करतात. माहेर वरणगावचं, वडील फॅक्टरीत. लग्न होऊन इकडे आल्या आणि अंगणवाडी सेविका झाल्या. आज बाजारात एखादा मिसरूड फुटलेला पोरगा "ताई, द्या इकडे" म्हणत त्यांच्या हातातली पिशवी घेतो, तेव्हा त्या शेजारणीला हळूच सांगतात, "याला पेन्सिल धरायला मी शिकवलं."

त्यांच्या अंगणवाडीत दुकान-दुकान हा खेळ ठरलेला. पोत्यावर डबे, एक लाकडी तागडी आणि ढीगभर चिंचोके. मोजणं, तोलणं, बोलणं सगळं त्यात येतं. गल्ल्यावर मात्र कायम जिनल बसायची. हीरालाल शेठची नात, घरचंच दुकान, म्हणून बाईंनी तिला एकदा बसवलं आणि ती जागा तिचीच होऊन गेली. मजूरवस्तीवरची पोरं गिऱ्हाईक व्हायची. रांगेत यायची, हात पुढे करायची, मिळेल ते घेऊन बाजूला व्हायची. मोगी त्यातलीच. वर्ष होत आलं तरी तिने अंगणवाडीत तोंड उघडलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी तिचा बाप निंबा दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला,

"ताई, दिवाळी व्हयनी का आम्ही ऊसतोडीले जासूत. मोगीले बी ली जासूत."

"तिला कशाला? आजीजवळ ठेव ना."

"धाकल्याले कोन धरी? आनि आठे अंगनवाडीमा बसीसन ती काय करस? तुम्हनापुढे एक शबद तरी बोलनी का?"

एकदा पोर फडावर गेली की ती पुन्हा वर्गात बसत नाही, हे सुनंदाबाईंनी पाहिलेलं होतं. पण निंबा खोटंही बोलत नव्हता.

त्याच आठवड्यात जिनल तिच्या तारादेवी आजीबरोबर राजस्थानात लग्नाला गेली. गल्ला रिकामा. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. बाईंनी जवळ होती म्हणून मोगीला पोत्यावर बसवलं.

मोगीने आधी उठून पोतं झटकलं. डबे बाजूला सारले. चिंचोक्यांचे पाच-पाचाचे वाटे लावले, आठवडे बाजारात तिची आई सीताफळांचे लावते तसे. मग खणखणीत हाक आली, "या वं माय, ताजा माल शे. बठ्ठा गोड शे."

पहिलं गिऱ्हाईक सवयीप्रमाणे हात पुढे करून उभं राहिलं.

"मुका शे का तू? काय जोयजे ते सांग ना."

सुनंदाबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. या पोरीला सगळं येत होतं. हात पुढे करून उभं राहायच्या कामात बोलायची गरजच नव्हती, आणि ते काम तिला बाईंनीच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निंबाला बोलावून घेतलं. तो थेट पोत्यापाशी गेला.

"बा, मांगे उभा ऱ्हाय. रांग शे," मोगी म्हणाली.

निंबा पोरांच्या मागे उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "दोन वाटा लेस. एक चिंचोका वरता दे."

"पहिले मोज."

"अकरा."

"दहा शेतस. अकरावा मी आजून दिधाच नही."

पोरं हसली. निंबाही हसला. निघताना बाईंकडे न बघता एवढंच म्हणाला, "आजीजवळ ऱ्हाई ती. धाकल्याले आम्ही संगे लेतस."

तेव्हापासून गल्ल्यावर रोज नवं पोर बसतं. जिनल परत आल्यावर फुरंगटली. "पण दुकान तर आमचं आहे." मग गिऱ्हाईक होऊन भाव पाडायला ती मोगीकडूनच शिकली. हीरालाल शेठ रस्त्यात गाठून म्हणाले, "सुनंदाबाई, काय शिकवून ठेवलंत? नात घरी माझ्याशीच घासाघीस करते." पुढे सुपरवायझर मॅडम आसपासच्या सेविकांना हा खेळ बघायला घेऊन आल्या. त्या दिवशी बाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

आता मोगी दुसरीत आहे, मोठ्याने धडा वाचते. तिचा धाकटा भाऊ पुना यंदा अंगणवाडीत आला. त्यालाही बाईंनी पोत्यावर बसवलं. तो वाटे अगदी नीट लावतो आणि गप्प बसून राहतो. बहिणीने दुकान मांडून दाखवलं, आजी येऊन बसली, बाई अहिराणीत बोलून बघतात. पुना बोलत नाही.

परवाच्या बैठकीत पोरांच्या प्रगतीवर घरच्या परिस्थितीचा कसा परिणाम होतो, यावर मॅडम बोलत होत्या. आईबापाचं शिक्षण, धंदा, घरची भाषा. सुनंदाबाईंनी हात वर केला.

"मॅडम, या दोघांचं हे सगळं एकच आहे. चूल एक, आजी एक, शिकवणारीही मीच. मग मोगी ज्याने बोलती झाली, त्याने पुना का होत नाही?"