खिडकीतला रुमाल

स्टँडवर आमच्या गावच्या दोन गाड्या शेजारीशेजारी लागल्या होत्या. दोन्हींच्या मध्ये उभं राहून मी खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली आणि वळसा घालून आत शिरलो. पाहतो तर तिसऱ्या खिडकीशी एक आजोबा बसलेले, आणि रुमाल गायब.

"माझा रुमाल कुठं टाकलात?" मी आवाज चढवला.

"इथं नव्हता हो. पण बसा तुम्ही," म्हणत ते उठले.

मी ऐटीत बसलो. वस्तू दिसेनाशी झाली की चोर शोधावा लागत नाही. जवळ असेल तो माणूस पुरतो. त्यानं भांडण टाळलं, तर आपल्याला तो कबुलीजबाबच वाटतो.

तेवढ्यात शेजारची गाडी हलली. आत माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि तिसऱ्या खिडकीशी माझा निळा रुमाल एकटाच बसला होता.