गुरुवारी बरा होणारा कान

आमच्या उमरोळीच्या कानवाल्या डॉक्टरांनी आयुष्यात माणसाचा चेहरा कधी पाहिलेलाच नाही. ते थेट आत बघतात. दवाखाना बोईसरला; पण रिक्षात, मासळीबाजारात, कुठेही समोरचा हसला की यांच्या खिशातली बॅटरी बाहेर येते. एका लग्नात आहेर द्यायला वर चढले आणि नवरदेवाला म्हणाले, "आ कर." बिचाऱ्याला वाटलं, पेढा भरवतायत. "टॉन्सिल सुजलेत, आइस्क्रीम नको," एवढा आशीर्वाद देऊन खाली उतरले. माझा डावा कान त्यांचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून माझ्या बायकोला ते 'डाव्या कानाच्या वहिनी' म्हणतात. कान कोरणाऱ्यांकडून जप्त केलेल्या काड्या आणि पिना त्यांच्या टेबलावरच्या बरणीत असतात. माझ्या स्कूटरची किल्लीही तिथेच आहे.

त्याच कानाने मी त्यांचा घात केला. एका कंपनीचं नवं अँटिबायोटिक कान-नाक-घशाच्या रोग्यांवर तपासायचं काम डॉक्टरांना मिळालं. असं काम पहिल्यांदाच आलेलं. त्यासाठी त्यांनी नवा चष्मा केला. केळव्याच्या समुद्रात डुंबून माझा कान नेमका तेव्हाच वाहू लागला. कागदावर सही घेऊन त्यांनी मला दहा दिवसांच्या गोळ्या आणि एक वही दिली. "दुखलं तर दुखलं लिव. मला बरं वाटावं म्हणून बरं लिवू नको. आणि रोजचं रोज!"

चौथ्या दिवशी कान गप्प झाला. आम्ही तारापूरच्या कारखान्यात जगासाठी औषधं बनवणारी माणसं. बरं वाटलं की गोळी बंद, हा आमचा घरगुती शोध. उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्याला ठेवल्या आणि कारखान्याच्या बसमध्ये अख्खी वही एका बैठकीत भरून टाकली. 'सहावा दिवस: किंचित ठणका. नववा: मंद खाज. दहावा: संपूर्ण आराम, डॉक्टरांचे आभार.'

आठव्या दिवशी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी वही बराच वेळ वाचली.

"आज वार काय?"

"मंगळवार."

"मग येत्या गुरुवारी तुला आराम पडला, हे तुला कोणी सांगितलं?"

कंपनीचा माणूस तिथेच बसला होता. "सर, पन्ना बदल देते हैं ना!"

"पन्ना बदलेगा. इसका कान बदलेगा क्या?" म्हणत डॉक्टरांनी माझ्या नावावर लाल रेघ मारली. मग बाकीच्या रोग्यांच्या घरोघर जाऊन उरलेल्या गोळ्या तपासल्या, तर माझ्यासारखे आणखी तीन लेखक सापडले. त्यांच्यावरही रेघ. कंपनीने पुढचं काम कमी चौकस डॉक्टरांना दिलं.

माझा कान पुन्हा वाहू लागला. डॉक्टर एका शब्दानेही न टोचता महिनाभर तो साफ करत राहिले. तरी त्या कानाला आता फारसं ऐकू येत नाही. संध्याकाळी आम्ही स्टेशनपर्यंत बरोबर चालतो तेव्हा ते कायम माझ्या उजवीकडे असतात. कारण विचारलं, तर म्हणाले, "डावीकडनं बोललो तर तू नुस्ती मान हलवशील. परत खोटी नोंद नको."

परवा गर्दीत ते डावीकडे आले आणि काहीतरी बोलले. मान हलणारच होती. आवरली.

"नाय ऐकू आलं, डॉक्टर."

ते थांबले. बॅटरीचा हात खिशातच राहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.