एकटीची शिट्टी

आमच्या घरी सकाळी पोरांची तोंडं धुवायचं काम अब्बांकडे होतं. अम्मी नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायची, आणि तिच्या बोटांतला तिखटपणा साबणाने, तेलाने, कशानेच निघायचा नाही. चुकून तिचा हात गालाला लागला की आम्ही भोकाड पसरायचो. म्हणून ती लाड करायची ते लांबूनच. अब्बा गाद्या भरायचे. पावसाळ्यात त्यांचं काम बंद, पथारीही बंद, आणि आज काय शिजणार ते दुपारपर्यंत ठरलेलं नसायचं. शाळेत मी बास्केटबॉलकडे वळले ती खेळाच्या प्रेमाने नाही. सरावानंतर भिजवलेले हरभरे मिळायचे, म्हणून.

प्रेम नंतर जडलं. मी बी.ए. झाले, आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. ज्याला त्याला सांगते, लाजत नाही. कॉलेजात असतानाच पंचाची परीक्षाही दिली.

त्यानंतरच्या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलींचा जिल्ह्याचा शेवटचा सामना माझ्याकडे आला. जिंकणारा संघ विभागाला जाणार होता. एका बाजूला सातपुड्यातली एक आश्रमशाळा, दुसऱ्या बाजूला माझीच जुनी शाळा. म्हणूनच माझ्या जोडीला बाहेरचा पंच दिला होता. तो खांडबाऱ्याहून रेल्वेने निघाला, गाडी मध्येच कुठेतरी उभी राहिली, आणि ऐन वेळी त्याचा फोन आला की आता तूच सांभाळ. वाट बघायची सोय नव्हती. आश्रमशाळेच्या जीपला दिवस मावळायच्या आत घाट चढायचा होता.

मला चेंडू धरायला ज्यांनी शिकवलं तेच सर अजून माझ्या शाळेचा संघ बघत होते. माझ्या डोळ्यांकडे बोट करून ते म्हणाले, "दोन डोया तुन्हा. मैदानना दोन्ही टोके कशा देखशी?"

"तुम्हीच शिकाडेल शे ना सर. देखसू."

ते हसले नाहीत. निकाल पटला नाही तर लेखी तक्रार देईन, सामना रद्द करायला लावीन, असं त्यांनी मला आणि टेबलावरच्या गुणलेखकाला बजावलं. एकट्या पंचाचा सामना, त्यात पंच एका शाळेची जुनी विद्यार्थिनी. तो रद्द झाला असता तर पुन्हा माझ्या हाती शिट्टी कोणी दिली नसती.

दोन पंच असले की एक रिंगखाली उभा राहतो, दुसरा मागून येतो. एकटी असले की पाठीमागे कोण कोणाला ढकलतंय ते कळत नाही. पण पाच मिनिटांत एक गंमत दिसली. आश्रमशाळेच्या पोरीचा कोणाला धक्का लागला की ती शिट्टीच्या आधीच हात उंच करून उभी राहायची. त्यांचे सर कुठल्याशा जुन्या नियमपुस्तकावरून खेळ शिकले होते. फाउल झाला की खेळाडूने आपण होऊन हात दाखवायचा, असं त्यात होतं. मला वाटलं, सुटले. हात दिसला की मी शिट्टी वाजवू लागले.

मध्यंतराला गुणपत्रक पाहिलं. आश्रमशाळेचे अकरा फाउल, माझ्या शाळेचे तीन. माझ्या शाळेच्या पोरी काही कमी ढकलत नव्हत्या. धक्का मारला की पंचाकडे बघायचं नाही, खाली वाकून मोजे नीट करायचे, हे सरांनी मलाही शिकवलं होतं. मी फक्त खरं सांगणाऱ्या पोरींना शिक्षा करत होते.

गप्प बसता आलं असतं. मी दोन्ही सरांना बोलावलं आणि सांगून टाकलं, की बऱ्याच शिट्ट्या मी न बघता, नुसता हात पाहून वाजवल्या. चूक माझी आहे, तक्रार करायची तर करा. आणि आश्रमशाळेच्या सरांना विनंती केली की निदान आता पोरींना हात खाली ठेवायला सांगा.

त्यांनी पाणी पिणाऱ्या आपल्या पोरींकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते नाही सांगणार, मॅडम. फार मेहनतीने शिकवलंय. यांच्या पोरींनाच दाखवायला सांगा ना हात."

माझे सर लालबुंद झाले. मला वाटलं, आता तक्रारीचा कागद मागणार. पण ते तसेच वळून आपल्या पोरींकडे गेले. काय बोलले ते नीट ऐकू आलं नाही; मोज्यांचं नाव निघालं आणि पोरी खुदकन हसल्या, एवढं कळलं.

पुढच्या डावात त्यांचेही हात निघायला लागले, पण नाक खाजवल्यासारखे, खांद्यापर्यंतच. सर बाहेरून म्हणायचे, "वर कर वं बाई, काखमा काय लपाडेल शे?" हे आताच्या नियमात कुठेच बसत नाही, मला माहीत आहे. पण आता निदान दोन्ही बाजूंचं सारखं दिसत होतं.

शेवटच्या मिनिटाला माझी शाळा एका गुणाने पुढे होती. आश्रमशाळेची एक बुटकी पोर रिंगकडे झेपावली. तिच्या आणि माझ्यामध्ये तीन पाठी आडव्या. चेंडू निसटला, ती खाली पडली, आणि मला काहीच दिसलं नव्हतं. मग माझ्या शाळेच्या कर्णधाराचा हात उंच गेला. सरळ, कोपर न वाकवता. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण हात तसाच होता. मी शिट्टी वाजवली. बुटकीला दोन फ्री थ्रो मिळाले आणि तिने दोन्ही घातले. उरलेल्या वेळात कोणालाच गुण मिळाला नाही.

सर टेबलाकडे आले. गुणलेखकाने घाबरत तक्रार लिहायला पेन पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "मीच शिकाडी, न मालेच हराडं. चाल, डब्बा खाई ले. सकायपासून भुकी शे तू."

आश्रमशाळेच्या पोरी विभागाच्या स्पर्धेला गेल्या. तक्रार कोणीच केली नाही, आणि मी एकटीने दिलेला तो निकाल कायम राहिला.