बन्सीधर मास्तरांची शांती

बन्सीधर मास्तरांचा एक समज होता, की आपण जात्याच शांत आहोत. परभणीत भावकीच्या पंगतीत कुणाचं बिनसलं की ते दोन्ही हात वर करून म्हणायचे, "सबूर, सबूर! रागानं कुणाचं भलं झालंय?" हा समज मोडायला पिंगळीच्या शाळेतली चाळीस पोरं आणि आठ दिवस पुरले.

निजामाच्या राज्यातलं ते एकोणीसशे सदतीस साल. पिंगळीची शाळा म्हणजे एक खोली, पुढं कडुलिंबाचं झाड आणि हाकेच्या अंतरावर रेल्वेचं ठेसन. इंजिनानं शिट्टी दिली की पाढे तिथंच टाकून अख्खा वर्ग खिडकीला लोंबकळायचा. मास्तर ओरडायचे. गाडी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायची.

खिडकीत पहिला नंबर चंद्रभानचा. सटवाजी नावाच्या शेतकऱ्याचा हा नऊ वर्षांचा पोरगा एका जागी पळभर टिकत नसे. एका दुपारी उकडतंय म्हणून मास्तरांनी पगडी काढून कोनाड्यात ठेवली आणि यानं तिच्यात सरडा सोडला. सुट्टीच्या वेळी मास्तरांनी पगडी डोक्यावर घातली आणि ते गावच्या पाटलांसमोर असे काही नाचले, की पाटील भेटतील तेव्हा विचारत, "मास्तर, ते पुन्हा कधी?"

त्या दिवशी मास्तरांच्या हाताला जे लागलं ते त्यांनी चंद्रभानच्या पाठीत घातलं. ती त्याचीच पाटी होती. तिचे तीन तुकडे झाले. पोरगा रडला नाही. खाली बसून त्यानं तुकडे गोळा केले आणि सदऱ्याच्या घोळात घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी शाळेच्या दारात उभा. भांडण होणार म्हणून मास्तरांनी कोटाच्या गुंड्या लावून घेतल्या, दोन कायदेशीर वाक्यंही मनात जुळवली. सटवाजीनं वाकून रामराम केला.

"मास्तर, तुमी मारलं ते बेस केलं. घरी आल्यावर मी बी हानला. आनखी मार पायजे आसंल तर सांगा, लाजू नका."

मास्तरांनी कोटाची वरची गुंडी पुन्हा सोडली. बापाच्या मागं चंद्रभान मान खाली घालून उभा होता. मास्तरांनी पगडी सारखी करायला नुसता हात वर केला, तर पोरानं दचकून डोकं कोपरात लपवलं.

घरी आल्यावर ते बायकोला, पार्वतीबाईंना म्हणाले, "मी शांत माणूस आहे ना गं?"

"कोण म्हणालं?" पार्वतीबाईंनी भाकरी थापताथापता विचारलं.

मग मास्तरांनी ठरवलं, की राग आला की वर्गातून बाहेर पडायचं, लिंबाभोवती फिरायचं आणि राग उतरला की आत यायचं. पहिल्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी सतरा. पोरं खिडकीतून मोजायची. महिनाभरात झाडाभोवती चांगली पायवाट पडली. गावात मात्र भलतंच पसरलं. शेजारच्या धुरपताबाई एका सकाळी हळदकुंकू घेऊन आल्या, लिंबाच्या बुंध्याला वाहून मास्तरांच्या पाया पडल्या.

"लय कडक अनुष्ठान हाय मास्तर तुमचं. माझ्या लेकीसाठी बी चार फेऱ्या घाला."

आपण चंद्रभानच्या नावानं दात खात फिरतो, हे त्या माउलीला सांगायचं धैर्य मास्तरांना झालं नाही. त्यांनी चार फेऱ्या जास्त घातल्या.

कार्तिकातली गोष्ट. एकोणतीसचा पाढा चालला होता. गाडीनं शिट्टी दिली, वर्ग खिडकीला लोंबकळला.

"मास्तर, ठेसनावर साहेब उतरायलाय!" चंद्रभान ओरडला.

"बस खाली! रोज कुणी ना कुणी उतरतंच!"

"न्हाई मास्तर, लाल टोपीवाला. संगं पट्टेवाला बी हाय."

"एक अक्षर बोलू नकोस!" मास्तरांचे कान तापले. ते तडक बाहेर पडून लिंबाला लागले.

सातव्या फेरीला त्यांना समोर बूट दिसले. बुटांवर शेरवानी, शेरवानीवर दाढी, दाढीवर लाल टोपी. शाळा तपासणारे साहेब!

"मास्टरसाब, ये क्या चल रहा है?"

"जी... हवा," मास्तर म्हणाले.

एवढ्यात खोलीतून आवाज आला, "एकोणतीस साती दोनशे तीन, एकोणतीस आठी दोनशे बत्तीस..." साहेब दाराशी गेले. चंद्रभान फळ्यापुढं उभा राहून पाढा सांगत होता आणि वर्ग त्याच्यामागं म्हणत होता.

साहेबांनी मोडक्या मराठीत विचारलं, "मास्तर बाहर का फिरते?"

"त्यायला राग आलाय साहेब," चंद्रभाननं अदबीनं सांगितलं. "उतरला की येतील. तवर आमी पाढे म्हनायलाव."

साहेबांनी भेटीच्या वहीत दोन ओळी लिहिल्या: मुलांची तयारी उत्तम, मास्तर वर्गात नव्हते. दोन्ही खरं होतं. आपल्या गैरहजेरीत पोरं जास्त शिकतात, असा सरकारी दाखला मिळवणारे जिल्ह्यात आपण एकटेच, असं मास्तर पुढं कितीतरी वर्षं स्वतःच सांगायचे.

त्या रात्री मात्र त्यांना चंद्रभानचं फार कौतुक वाटलं. उद्या त्याला पुढच्या ओळीत बसवायचं, असं ठरवून ते निजले. सकाळी चंद्रभान आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कापूस फुटला होता.

शाळा सुटल्यावर मास्तर शेतात गेले. सटवाजी म्हणाला, "मास्तर, मानसं मिळंनात. एवढं रान येचून झालं की धाडतो."

रागानं मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. शेतात फिरायला एक झाडसुद्धा नव्हतं. मग त्यांनी कोट काढून बांधावर ठेवला आणि ओटीला फडकं बांधलं. "मी लागतो तुमच्याबरोबर. तेवढाच लवकर सुटेल."

तासाभरात त्यांच्या बोटांना बोंडाची टोकं बोचून रक्त निघालं. कापसात पाला होता, पाल्यात थोडा कापूस होता. शेजारच्या ओळीतून चंद्रभान हे बघत होता. तो जवळ आला.

"असं न्हाई मास्तर. बोंड डाव्या हातानं धरायचं, उजव्यानं वढायचं."

मास्तरांनी उजव्यानं धरलं, डाव्यानं ओढलं.

"न्हाई, डाव्यानं धरा."

तिसऱ्यांदाही पालाच आला. चौथ्यांदा अख्खी फांदी मोडली. मास्तर खाली मान घालून उभे राहिले. चंद्रभाननं मोडलेली फांदी शांतपणे बाजूला ठेवली आणि दुसरं बोंड धरून म्हणाला, "व्हतं असं. पुन्हा बघा."