गॅलरीच्या टोकापर्यंत
फिनेलचा उग्र वास आला की मला लालबागच्या चाळीतली आमची लांब गॅलरी आठवते. त्या वर्षी जिन्यावरून घसरून माझं नडगीचं हाड अगदी गुडघ्यापाशी मोडलं होतं. "गुडघ्यात मांडीचं हाड ज्या सपाट भागावर टेकतं, तोच खचलाय," डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाले, "आत धातूची पट्टी बसवली आहे, पण तीन महिने पाय टेकायचा नाही." संडास गॅलरीच्या टोकाला, म्हणून खोलीतच साडीच्या पडद्याआड माझं भांडं ठेवलेलं असे आणि सत्तरीच्या सासूबाई ते रोज उचलत. त्या कधी कुरकुरल्या नाहीत, पण मला त्यांच्याकडे बघवत नसे. दात आवळून मी गुडघा रोज थोडा थोडा वाकवत राहिले. तीन महिन्यांनी त्या पायावर अर्धं वजन टाकायची परवानगी मिळाली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी वॉकर पुढे ओढला. "धरू काय गो?" सासूबाईंनी विचारलं. "नको आई, फक्त मागे या." वाळत घातलेल्या कपड्यांखालून, दारात थबकलेल्या शेजारणींसमोरून मी एकेक पाऊल टाकत गेले. मध्यावर पाय थरथरायला लागला, तेव्हा थांबून दम घेतला, पण परतले नाही. टोकाला एका संडासात कमोड बसवलेला होता. आतून कडी लावली आणि मला रडू फुटलं. "रडान घे," बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "पण उठताना घाई करू नको." अजूनही मला मांडी घालता येत नाही. पंगतीत मी सरळ खुर्ची मागून घेते आणि पोटभर जेवते.