लोणारचं गुलाबी पाणी

मी चौथीपर्यंतच शिकले, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आणि अक्षर वेडंवाकडं आलं तर माफी असावी.

वरून लोणारचं तळं हिरव्या काठाची गुलाबी साडी पसरावी तसं दिसलं. खाली उतरलो, तर सडक्या अंड्यांचा वास आला. पायाखाली बुळबुळीत गाळ होता. मी पदर नाकाला लावला.

माझ्या लेकीच्या गालावर कोड आहे. या पाण्यानं कोड जातं असं सांगणाऱ्या काठावरच्या माणसाकडून सासूबाईंनी शंभर रुपयांना तेच पाणी बाटलीत घेतलं. "तोंड धू गं, नाहीतर तुला कोण करून घेईल?" पोरीला ओंजळीचा वास येताच उमासा आला. गावात तिच्या हातचं पाणी न घेणाऱ्या, आमच्यासोबत आलेल्या बायका ते पाणी आनंदानं गालांना चोळत होत्या. कशाची किळस करायची, हेही माणसं एकमेकांचं बघूनच शिकतात.

मी चारचौघांत बोलत नाही. तरी बाटली घेऊन त्या माणसाकडे गेले.

"दादा, आधी तुम्ही तोंड धुवा."

"मला कुठं कोड आहे, ताई?"

"नाक तर आहे ना?"

त्यानं मान फिरवली आणि पन्नास रुपये परत दिले. मी हात मागे घेतला नाही. तेव्हा उरलेले पन्नासही त्यानं गुपचूप माझ्या तळहातावर ठेवले.